डब्यांना वाट दाखवणारी सुजाता

गच्च्यांवर चढणाऱ्यांकडं किस्से साठतातच. वायर तुटली तर निदान हातात धरता येते; आमचा बिघाड सगळा हवेतला!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात आम्ही बिनतारी इंटरनेट द्यायचो. एका गच्चीवरचा अँटेनाचा डबा मेसेज दुसऱ्या गच्चीवरच्या डब्याला द्यायचा, दुसरा तिसऱ्याला. वाट ज्या त्या डब्यानं ठरवायची, म्हणजे रोज गोंधळ. मग आमच्या सुजाता कांबळेनं प्रोग्राम लिहिला. वाट ऑफिसातला एकच कॉम्प्युटर ठरवणार, डब्यांनी नुसतं ऐकायचं. डबे बसवायला बाजीराव, आणि दोघांच्या मध्ये फोन धरून मी.

*

पहिल्याच दिवशी इचलकरंजीहून एक यंत्रमागवाला फोनवर कडाडला, "डिझाइन अडकलंय, माग बंद हायत! काय चाललंय तुमचं?"

सुजातानं प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली. तिनं पहिल्या डब्याला सांगितलं होतं, दुसऱ्याकडं पाठव. आणि दुसऱ्याला सांगितलं होतं, पहिल्याकडं!

बाजीराव म्हणाला, "पावणं आलं आन् दोन्ही भावांनी 'तिकडंच जेवा' म्हटलं, तसं झालं की हे!"

*

जोतिबाच्या डोंगरावर एका नारळवाल्याच्या दुकानावर आमचा डबा होता. चैत्र यात्रेदिवशी तिथली लिंक सारखी तुटायला लागली. लागते, तुटते, परत लागते. मागची सगळी गावं बंद पडायच्या बेतात. सुजाता माझ्या हातातला फोन ओढून ओरडली, "बाजीराव, अँटेनाच्या आडवं कोण येतंय?"

पलीकडं ढोल, गुलाल आणि समोरून नाचत चाललेल्या देवाच्या उंच सासनकाठ्या.

"देव येतोय मॅडम! बाजूला हो म्हणून सांगू व्हय?"

*

एका गावात डबा बिघडला. सुजाता स्वतः आली. घरमालकानं दारातच विचारलं, "आडनाव काय?"

"कांबळे."

तो उंबऱ्यात आडवा झाला. "गच्चीवर बाजीरावाला जाऊ दे. तुम्ही हितंच थांबा."

बाजीरावानं टूलबॉक्स खाली ठेवला. मला वाटलं, आता हाणामारी होणार! सुजाता मात्र शांत.

"काका, तुमच्या घरातनं बाहेर पडणारा शब्द न् शब्द माझ्या हातनं जातोय. पोरगं पुण्याहून लिहितंय, ते बी माझ्याच हातनं येतंय. जिना कुठं हाय?"

काका बाजूला सरकले.

*

गारगोटीजवळच्या खांबावर बाजीराव चढला आणि वर गेल्यावर दिसलं, डब्याच्या पाठीमागं आग्या मोहोळ! खाली मी, वर तो, दोघंही श्वास रोखून. माशा त्याच्या हातावरून फिरत होत्या. मी फोनवर कुजबुजलो, "हलू नको."

तासाभरानं माशा निवल्या, तसा तो इंचाइंचानं खाली आला. मी विचारलं, "इतका वेळ थांबलास कसा रे?"

"मॅडमनी सांगितल्याबिगर डब्यानं हलायचं न्हाय, असा रूल हाय न्हवं?"

*

एका पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली गेले, फोन मेले. भुदरगडातल्या एका दवाखान्यात बाई अडली होती. तिथं एकटे तरुण डॉक्टर. कोल्हापूरच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आमच्या ऑफिसात बसून, आमच्याच डब्यांच्या वाटेनं स्पीकरवरून त्यांना एकेक गोष्ट सांगत होत्या.

आणि मधल्या एका डब्याची वीज गेली.

सुजातानं बाकी सगळ्यांचं इंटरनेट बंद केलं. उरलेल्या डब्यांना एकेक करून हुकूम दिला, फक्त हा आवाज न्या. आमचे मालक मागं येऊन उभे राहिले. खरखर सुरू झाली. शब्द तुटत होते. "डोकं... दिसतंय..." आणि मग काहीच नाही.

"बाळ रडलं का?" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "अहो, रडलं का बाळ?"

सुजाताची बोटं कीबोर्डवर. बाजीरावानं डोळे मिटले होते.

एकदम स्पीकर कर्कश्श किंचाळला. कानठळ्याच बसल्या! मालकांचा हात सवयीनं बटणाकडं गेला, आवाज कमी करायला.

सुजातानं टेबलावर थाप मारली.

"वाढवा की!"