चंद्रीच्या दुधाचं पंचामृत

माझ्या बहिणीचं लग्न ठरायच्या आधी दोन्हीकडच्या मिळून एकोणीस माणसांनी कुत्रं चावल्यावर घेतात ती इंजेक्शनं घेतली. त्यातल्या कुणालाही कुत्रं चावलेलं नव्हतं. निदान तेव्हा सगळ्यांचा तसा समज होता.

कुत्रं चावलं होतं चंद्रीला. चंद्री म्हणजे आमची म्हैस. अहमदपूरला आमच्या परसात पत्र्याचं एक शेड आहे. भूकंपानंतर घरात झोपायची कुणाची छाती होईना म्हणून अख्खं घर दोन महिने त्या शेडात झोपलं. पुढं धीर आला तसे आम्ही घरात गेलो आणि शेडात चंद्री आली. मी तेव्हा लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचो (चारशे पोरं, एक माईक, आणि शेवटच्या बाकाला फक्त खडूचा आवाज!). शनिवारी संध्याकाळची एस.टी. धरून घरी यायचो.

अशाच एका रविवारी एक कुत्रं शेडात शिरलं आणि चंद्रीच्या नाकाडाला चावलं. मी काठी घेऊन धावलो, थोडी झटापट झाली, कुत्रं पळालं. मी घरात येऊन पाय धुतले.

आई म्हणाली, "अरुण, गुरांच्या डॉक्टरला बोलाव. म्हशीला सुया टोचून घेऊ."

"गल्लीतलंच कुत्रं हाय आई. काही होत न्हाई. हळद लाव."

"तू शिकवतोस ना हे सगळं?"

"म्हणूनच सांगून राहिलो!"

एवढ्या ठाम आवाजात चारशे पोरांना सांगितलं की ती लिहून घेतात. आईनं हळद लावली.

अडीच आठवड्यांनी घरी सत्यनारायण होता. खरं म्हणजे सत्यनारायण हे निमित्त. उदगीरचे गोविंदराव, त्यांच्या मंडळी आणि मुलगा सतीश आमच्या शोभाला पाहायला आणि एकूण घर बघायला येणार होते. बोलणी चांगली झाली. शोभा गोविंदरावांना पसंत पडली, सतीश शोभाला पसंत पडला, आणि पंचामृत सगळ्यांनाच! चंद्रीचं ताजं, धारोष्ण, न तापवलेलं दूध. वाटायला मीच होतो. "घ्या हो, घरचंच हाय," म्हणून मी नको म्हणणाऱ्यांच्याही तळहातावर ओतलं.

चौथ्या दिवशी आईचा क्लासवर फोन आला.

"चंद्री लाळ गाळून राहिली रे. पाणी पीत न्हाई. खुंट्याला धडका देती, आन् ओरडती तर मेलीचा आवाजच बसलाय. गुरांचे डॉक्टर लांबूनच बघून गेले. म्हणले, पिसाळली. दूध कुणी कुणी पिलं, विचारा म्हणले."

माझ्या हातातला खडू पडला. दरवर्षी मी पोरांना एक वाक्य दोनदा लिहायला लावायचो: लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपाय नाही. लस आधी. खाली दोन रेघा मारा, हमखास येणारा प्रश्न आहे.

आता उदगीरला कळवायचं कुणी? पाहुण्यांना काय सांगायचं, 'तुम्ही आमचं घर पाहिलंत, आता दवाखाना पाहा'? मी फोन लावला.

"गोविंदराव, नमस्कार. घरचे सगळे बरे?"

"बरे हावत की."

"पाण्याबिण्याला कुणी घाबरत न्हाई ना?"

"उदगीरला नळाला पाणी येईल का न्हाई याला घाबरतो आम्ही. का बरं?"

मी सांगितलं. त्यांनी फोन ठेवला. शोभा अहमदपूरहून फोनवर एवढंच म्हणाली, "दादा, माझं लग्न मोडलं तर त्या म्हशीच्या जागी तुला बांधीन."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरच्या सरकारी दवाखान्यासमोर उदगीरची जीप येऊन उभी राहिली. अहमदपूरहून आमची मंडळी, चार शेजारी आणि कथा सांगणारे गुरुजी आधीच बसले होते. गुरुजी मला पाहताच म्हणाले, "कथेत साधुवाण्याची नाव बुडते तेवढंच होतं हो. हे नव्हतं."

डॉक्टरीणबाई कडक होत्या. त्यांनी गर्दीवर एक नजर टाकली.

"चहा घेतलेल्यांनी घरी जा. उकळलेल्या दुधाची भीती नाही. पंचामृतवाल्यांनी थांबा. कच्च्या दुधातनंही सहसा होत नाही, पण या रोगाशी मी जुगार खेळत नसते."

गोविंदराव उठले. "मी निघतो. मला शुगर हाय, मी गोड घेत न्हाई."

त्यांच्या मंडळींनी मान वळवली. "मग त्या दिवशी खांबाआड दोन वाट्या काय पिऊन राहिला होतात?"

"तीर्थ होतं ते!"

"तीर्थ वाटीनं पितात?"

गोविंदराव बसले. नजरेनं मला पुष्कळ बोलले. इंजेक्शनं पोटात चौदा, असं शेजाऱ्यांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यांनी सदऱ्याची खालची बटणं सोडूनच ठेवली होती. बाई म्हणाल्या, "दंडात. आणि एकूण पाच. शर्ट खाली करा." त्यावर रांगेत इतका आनंद पसरला, की गुरुजींनी आपण होऊन बाही वर केली.

मी मात्र रांगेच्या बाजूला उभा राहून व्यवस्था पाहत होतो. 'पुढं सरका', 'बाही सैल ठेवा', 'काही दुखत न्हाई हो, मुंगी चावल्यासारखं' वगैरे.

"तुम्ही नाही घेतलं?" बाईंनी विचारलं.

"मी पंचामृत वाटलं. घेतलं न्हाई."

"कुत्र्याला हाकललं कोणी?"

"यानंच!" आई कौतुकानं म्हणाली. "नुस्ती काठी घेऊन धावला. अंगावर आलं होतं कुत्रं!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पँट वर करा."

"कशाला?"

"वर करा."

मी डावी केली. "दुसरी," बाई म्हणाल्या. उजव्या पोटरीवर हळद आणि चुन्याचा वाळलेला लेप होता.

"हे काय आहे?"

"सायकलची चेन लागली."

"दादा," शोभा म्हणाली, "तुझ्याकडं सायकल हायच कुठं?"

सगळा दवाखाना माझ्या पोटरीकडं पाहत होता. मग मला बोलावंच लागलं. कुत्र्यानं चंद्रीला सोडून जाताजाता मलाही धरलं होतं. दोन दातांचे व्रण. सांगितलं असतं तर पोटात चौदा सुया, असं मलाही वाटत होतं. आणि मला सुईची भीती वाटते. लहानपणापासून. शाळेत टोचायला यायचे तेव्हा मी संडासात बसायचो. कुणाला कळू नये म्हणून हळद स्वतःच लावली होती, आणि तीन आठवडे रोज सकाळी तोंड धुताना, पाणी बघून काही होतंय का ते हळूच तपासत होतो.

बाई हसल्या नाहीत. "या एवढ्या लोकांत खरी गरज एकट्या तुम्हाला होती. तीन आठवडे! तुम्ही शिकवता म्हणे हे."

आईनं माझा हात धरला आणि सुया टोचून होईपर्यंत सोडला नाही.

मला दंडात तर दिलंच, वर जखमेच्या भोवतीनंही दिलं. ते मुंगी चावल्यासारखं नव्हतं. मी जे ओरडलो ते ऐकून बाहेरच्या दोन माणसांनी इंजेक्शन न घेताच पळ काढला म्हणे. गुरुजींनी त्यांना पकडून आणलं.

दोन दिवसांनी चंद्री गेली. मग कुरकुर करणारे सगळे गप्प झाले. गोविंदराव तर दुसऱ्या डोसाला दवाखाना उघडायच्या आधी येऊन बसले.

पाच डोस म्हणजे महिन्यात पाच वेळा दोन्ही घरं एका बाकावर! आई धपाटे आणायची, उदगीरहून शेंगांची चटणी यायची. सतीश आणि शोभा लसीला आले की खिडकीपाशी जाऊन तासभर बोलायचे (आता दंडाला कापूस धरायला तासभर कशाला लागतो?). चौथ्या डोसाला लग्नाची बोलणी पुढं गेली तेव्हा देण्याघेण्याचा विषय कुणी काढलाच नाही, आणि पाचव्याला गुरुजींनी तिथंच पंचांग उघडून तारीख काढली. गोविंदराव म्हणाले, "एकमेकांना दंड दुखताना पाह्यलंय. आता काय पाह्यचं राह्यलं?"

लग्न थाटात झालं. कानपिळीची वेळ आली. नवरीचा भाऊ म्हणून मी ऐटीत पुढं झालो आणि नवरदेवाच्या कानाकडं हात नेला. सतीश झटक्यात मागं सरकला आणि भर मांडवात म्हणाला,

"दादा, आधी पाचही घेतल्याचं कार्ड दाखवा!"

मांडव फुटेस्तोवर हसला. मीही हसलो, आणि सदऱ्याच्या खिशातून कार्ड काढून दाखवलं. आईनं ते निघतानाच माझ्या खिशात घातलं होतं. तिचाही माझ्यावर विश्वास उरला नव्हता!