टँकरच्या दिवसांचे थेंब

लातूर नवा जिल्हा झाला, त्याचा आमच्या घराला एकच फायदा झाला. सरकारी दवाखान्यात मनोविकाराचे डॉक्टर आले. पाणी मात्र जिल्हा झाल्यावरही आलं नाही.

डॉक्टरांच्या औषधाला ना वास होता ना चव. दादा गोळ्या विष समजून थुंकायचा, म्हणून आई ते थेंब त्याच्या सकाळच्या चहात टाकायची. हळूहळू त्याच्या कानातले आवाज थांबले, अंगावर धावून जाणं थांबलं. शेजारच्या काकूंचा नवरा डाळमिलमध्ये मुकादम होता. त्याने दादाला पोती शिवायला घेतलं. दादा झोपताना दाभण उशाशी ठेवायचा.

त्या दुष्काळात टँकर आठवड्याने यायचा आणि आमचा नंबर येईपर्यंत रिकामा व्हायचा. दादा आजारी असताना एकदा तिथे ओरडला होता, तेव्हा रांग फाटली होती आणि आम्हाला आधी पाणी मिळालं होतं. आईने ते लक्षात ठेवलं होतं.

एका सकाळी बाटली फळीवरच राहिली.

"आई, थेंब राहिले."

"तुझ्या इंग्रजी शाळेत पाण्याशिवाय जगायला शिकवलं का?"

मी दप्तर उचलून निघाले. एक दिवस थेंब चुकल्याने दादाला काहीच झालं नाही. मग आईने थेंब पूर्ण बंद केले. पुढच्या टँकरपर्यंत दादा भिंतीशी बोलू लागला.

"सरका गं बायांनो, लेकराचं डोकं फिरलंय!" आई त्याला दंडाला धरून पुढे घेऊन गेली. बायका सरकल्या. काकू हलल्या नाहीत.

"लई सोंग हाय माय तुझं. मिलमदी तर गरीब गाय असतोय."

दादाने घागर उचलून त्यांच्या हातावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

"औषधं खाऊन खाऊन माजलाय," कुणीतरी म्हणालं. आईने ते खोडलं नाही. तिने आधी पिंप भरलं.

मुकादमाने पोलिसात तक्रार केली नाही. फक्त निरोप पाठवला, याला परत मिलकडे पाठवू नका.

दुसऱ्या दिवसापासून थेंब सुरू झाले. काही आठवड्यांनी दादा निवळला.

"आई, दाभण कुठंय? मिलला उशीर व्हायलाय."

"मिल बंद हाय."

मिलची घरघर घरात ऐकू येत होती.

त्या दिवशी टँकर आला. आईने दादाच्या हातात बादली दिली आणि त्याला पुढे उभं केलं. न सांगताच रांग फाटली. गळ्यात हात बांधलेल्या काकूही भिंतीला चिकटल्या. दादा लाजला.

"काकू, या की. तुमचा नंबर आधी हाय."

कुणीच पुढे आलं नाही. आईने घागर लावली.