आईच्या पातळाचा वास

आई गेल्यावर तिची बाकीची पातळं वाटून टाकली. एक रेशीमकाठी शहापुरी पातळ मात्र अण्णानं, माझ्या थोरल्या भावानं, न धुता निपाणीच्या घरी ट्रंकेत ठेवलं. मी बेळगावहून गेले की आधी ट्रंक उघडायची. पातळात तोंड खुपसलं की शिकेकाई, धूर आणि आईचा घाम. मग कुठं चहा.

कोरोनात माझं नाक गेलं. ताप उतरला, वास काही परतला नाही. जीव वाचला हे काय थोडं झालं, असं लोक म्हणायचे. थोडं नव्हतंच. पण पातळात तोंड घालून बसायचं आणि गालाला नुसतं कापड लागायचं, तेव्हा फार राग यायचा. आई पुन्हा एकदा गेली असं वाटायचं.

अण्णा निवृत्त होऊन ध्यानाच्या शिबिरांना जायला लागला होता. "मन बी इंद्रियच असतंय, सहावं," तो सांगायचा.

मी वडिलांचा दाखला द्यायचे, "आप्पा तर मनाला अकरावं म्हणायचे. हातपाय, वाचा कुठं टाकून आलास?"

"त्यो आपल्या पोथीतला हिशेब. बुद्धाचा येगळा."

"मग मनानंच घ्यावा की वास!"

"तसं न्हाय गं. नाक, वास आणि त्याची जाण, तिघांची गाठ पडाय लागती. तुझं नाक येऊ दे. वास कुठं जात न्हाय, मी हाय न्हवं राखाय?"

त्या एका बोलण्यावर मी दिवस काढले.

यंदा एका सकाळी फोडणी करताना हिंगाचा वास आला. गॅस बंद केला आणि मिळेल ती बस पकडली.

ट्रंक उघडून वाकले आणि सटासट शिंका आल्या. तंबाखू! आमच्याकडं चांगल्या कपड्याला कसर लागू नये म्हणून तंबाखूचं पान घालतात. अण्णानं तर घडीघडीत घातलं होतं. निपाणीसारख्या तंबाखूच्या पेठेत जन्म काढलेल्याला तंबाखूचा वास म्हणून वेगळा जाणवतच नाही.

"तुझं नाक येईस्तोवर टिकाय पायजे म्हणून सारखी नवी पानं घालतोय," तो म्हणाला. "येतोय न्हवं आईचा?"

मी पुन्हा तोंड खुपसलं, काठापदरापर्यंत शोधलं. नाक आलं होतं. मन तर कधीचं वाट बघत होतं.

"व्हय अण्णा, येतोय."

त्याचे डोळे भरले. वास उडून जाईल म्हणून त्यानं लगबगीनं ट्रंकेचं झाकण लावलं.