लिंबू लावलेली सुरी

माझ्या थोरल्या भावाने माझी सुरी बिघडवली त्याला आता बरीच वर्षं झाली. घरातले म्हणतात, किती दिवस तेच धरून बसणार. मी धरून बसणार आहे. नेमकं काय बिघडलं हे मला कोणी कधी पुरतं सांगूच दिलेलं नाही. मी बोलायला लागले की कोणीतरी चहा टाकायला उठतं. म्हणून लिहिते.

नव्वदच्या दशकात मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेला नंबर. चाकूंचा नाद तिथेच लागला. जेवणाच्या सुट्टीत एका फिटरने आंबा कापायला मला त्याचा चाकू दिला. मोडकी कानस घासून त्याने तो केला होता. घरच्या चाकूने आंबा कापताना निम्मा चेंदला जायचा. हा चाकू नुसता ठेवला आणि साल उलगडली. इतकी वर्षं आपण बोथट पत्र्याने स्वयंपाक करतोय, याचा मला तेव्हा रागच आला.

मग जिथे जाईन तिथे बघू लागले. नांदगावच्या बाजारातून एक आखूड, वाकडी सुरी आणली. पेठकडच्या एका बाईकडून बांबू सोलायचा चाकू घेतला. चांभाराची कातडं कापायची रापी मिळाली. प्रत्येक पात्याला तेलाचा हात, वर सुती कापड, आणि लोखंडी कपाटात नंबराप्रमाणे जागा. नवऱ्याची तक्रार नव्हती. तक्रार माहेरची होती. भाऊ आमचा वडिलोपार्जित मळा बघायचा, फुलं आणि भाजी नाशिकच्या बाजाराला घालायचा. त्याच्या मते बाईच्या जातीने नाद करायचा तर विणकामाचा करावा. "खाटकाचं दुकान टाकतीस का काय?" हे तो दर दिवाळीला विचारायचा आणि दर दिवाळीला सगळे हसायचे. एका भाऊबीजेला त्याने ओवाळणीत प्लास्टिकच्या मुठीचा चाकू घातला. "घे, तुझ्या म्युझियमला." मी त्या चाकूलाही नंबर दिला आणि कपाटात ठेवला.

विकत घेऊन भागेना, तेव्हा मी चाकू करायला लागले. नाशिकच्या द्वारका चौकात ट्रकच्या जुन्या स्प्रिंगचे पाटे विकायला असत. त्यातला एक आणला, कापून घेतला. इंदिरानगरच्या आमच्या गच्चीवर विटांची भट्टी मांडली, कोळसा, आणि वारा द्यायला हाताने फिरवायचा पंखा. पातं लाल करून गरम तेलात बुडवायचं, मग ओव्हनमध्ये मंद तापवायचं, म्हणजे ते कडकही राहतं आणि मोडतही नाही. लोहार याला पाणी देणं म्हणतात. पाणी नीट बसलं नाही तर पातं दिसायला सुरीसारखं दिसतं, एवढंच. माझी पहिली सगळी पाती अशीच दिसण्यापुरती होती. काही तडकली, काही वाकली. दोन हिवाळे त्यात गेले आणि मग एक जमली. वीतभर पातं, शिसवी मूठ. पिकलेला टोमॅटो तिच्याखाली दबत नसे. पात्याला वापराने करडी छटा आली होती, ती मी मुद्दाम राखली होती. पुन्हा तशी एकही झाली नाही. आजपर्यंत नाही.

थोरल्या पुतण्याचं लग्न ठरलं तेव्हा भाऊ आमच्याकडे आला. आमच्यात हळद लागल्यापासून नवरदेवाच्या हातात कट्यार नाहीतर सुरी असते आणि तिच्या टोकावर लिंबू खोचलेलं असतं. नजर लागू नये म्हणून. घरात तसलं काही नव्हतं. इतकी वर्षं खाटकाचं दुकान म्हणणारा माणूस माझ्या समोर बसून पोहे खात म्हणाला, "तुझी ती सुरी दे. लय भारी हाय."

मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. सुरी देताना त्याला तीन गोष्टी सांगितल्या. एक, हे स्टेनलेस नाही, लिंबू लागलं की पातं काळं पडतं आणि रस राहिला तर लोखंड खातो. म्हणून विधीपुरतं लिंबू लावायचं आणि लगेच काढायचं. दोन, काढल्यावर पातं पुसून तेलाचा हात द्यायचा. तीन, काहीही झालं तरी धार लावायला कोणाकडे द्यायची नाही. तो प्रत्येक गोष्टीला हो म्हणाला. मी त्याच्याकडून तिन्ही गोष्टी परत म्हणूनही घेतल्या. त्यावर तो वैतागला, "शाळेत बसवलंय का मला?"

लग्नाच्या दिवशी मांडवात गेले तर लिंबू हळदीपासून तसंच होतं. रस पात्यावरून मुठीपर्यंत ओघळून वाळला होता. नवरदेवाच्या हातून सुरी काढून घेता येत नाही, अपशकुन म्हणतात, म्हणून मी वहिनीला गाठलं आणि रात्री तरी पुसा म्हटलं. ती हो म्हणाली. तेवढ्यात पलीकडून भावाचा आवाज आला. मुलीकडच्या पाहुण्यांना तो नवरदेवाच्या हातातली सुरी दाखवत होता.

"आमच्या पणजोबांची हाय. घराण्यात चालत आलीय."

मी चार पावलांवर उभी होते. त्याने मला पाहिलं आणि पुढे बोलत राहिला. पणजोबांनी म्हणे तिने वाघराला पळवलं होतं. आमच्या पणजोबांनी आयुष्यभर वांगी पिकवली.

लग्नघरात तमाशा नको म्हणून मी गप्प बसले. त्याचा मला आजही त्रास होतो. लग्नानंतर सत्यनारायणाची पूजा होईपर्यंत सुरी देवघरात लिंबासकट पडून राहिली. हे मला मागाहून वहिनीने सांगितलं.

पंधरवड्याने भाऊ सुरी घेऊन आला, चमकीच्या कागदात गुंडाळून. उघडली तर आत आरसा. करडी छटा गेलेली, पातं कडेने घासून निम्मं बारीक केलेलं. टोकाजवळ आणि धारेला लागून निळसर पट्टा दिसत होता. मशीनच्या चाकावर पातं तापलं की असा रंग येतो. असा रंग आला म्हणजे पाणी उतरलं.

"डाग पडले होते लय. बाजारात धारवाल्याच्या दुकानात दिली. बघ, नवीपेक्षा भारी केलीय त्याने."

मी एक बांबूची काडी घेऊन तिच्यावर धार ओढली. धार दुमडली. मी त्याला बोट लावून दाखवलं. त्याला काही दिसलं नाही.

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"अगं, सुरीच हाय ना. दुसरी कर. तुला येतंच की."

त्या "येतंच की"वर माझं डोकं फिरलं. पुन्हा पाणी देता आलं असतं असं कोणी म्हणेल, तर नाही. मूठ काढावी लागली असती, आणि पात्यात तापवण्याइतकं लोखंडच उरलं नव्हतं. मी त्याला एवढंच म्हटलं, की चुकलं म्हण. मला दुसरं काही नको. तो हसला. लग्नघरात एवढ्यातेवढ्याला कोण चुकलं-बिकलं म्हणतं, म्हणाला, आणि जेवून गेला. नवऱ्याने नंतर मला समजावलं, त्याने बिचाऱ्याने चांगल्या हेतूनेच केलं. मी त्याला विचारलं, तुझी स्कूटर कोणी चांगल्या हेतूने हिरवी रंगवली तर? तो पेपर वाचायला लागला.

काही वर्षांनी धाकट्या पुतण्याचं ठरलं. या वेळी आधी वहिनीचा फोन आला. "वन्सं, पाव्हणे विचारतात, ती पणजोबांची सुरी आहे ना म्हणून." तोवर माझ्याकडे दुसऱ्या चांगल्या सुऱ्या होत्या. देता आली असती. मी सांगितलं, दादाला पाठवा.

तो आला. चपला दाराशी काढल्या, बसला, पाणी प्यायला. मी म्हटलं, आधी म्हण की ती मी बिघडवली. मग कपाटातली हवी ती ने.

"एका सुरीसाठी भावाला माफी मागायला लावतीस?"

"सुरीसाठीच."

तो उठला, चपला घातल्या आणि गेला.

मांडवात या खेपेला बाजारातली कट्यार होती. लाल मखमलीचं म्यान, सोनेरी मूठ, आणि पातं पत्र्याचं. हळदीला लिंबू नुसतं दोऱ्याने बांधलं होतं, ते सुटलं. नवरदेव पाटावर तयार, समोर पाहुणे, आणि भाऊ नवं लिंबू खोचायला बसला. टोक लिंबात शिरेना. त्याने जोर दिला तसं ते वाकलं. त्याने ते दातांखाली धरून सरळ केलं आणि परत खोचलं, परत वाकलं. मुलीकडचं कोणीतरी हसलं. मग त्याने मान वर करून मला शोधलं.

मी उठले. लग्न पुतण्याचं होतं, त्याचा काय दोष. पर्समधून माझा छोटा चाकू काढला, लिंबाला नीट चीर दिली आणि ते कट्यारीवर बसवलं. बसलं. मग तिथेच, भावाच्या समोर उभं राहून, पदराने चाकूचं पातं पुसलं. आधी एक बाजू, मग दुसरी. घाई केली नाही. तो बघत होता. त्याला पहिल्यांदाच काहीतरी दिसत होतं, असं मला वाटलं.

तो माझ्याजवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "तवाच सांगायचं ना, लिंबाने असं होतं म्हणून."

मी म्हटलं, "सांगितलं होतं. तुझ्याकडून म्हणून घेतलं होतं. तू पोहे खात होतास."

त्याने टोपी सारखी केली. पाहुण्यांकडे एकदा पाहिलं.

"आसंल," म्हणाला, आणि नवरदेवाला घेऊन पुढे झाला.

अक्षता टाकल्या आणि मी निघाले. पंगत बसायची होती. रिक्षा करून सरळ इंदिरानगरला आले. संध्याकाळी वहिनीचा फोन आला. सख्खी आत्या न जेवता गेली, पाव्हणे काय म्हणतील, असं झालं तरी काय?

मी म्हटलं, दादाला विचारा.