मागच्या बाकावरचे पाळकसाहेब

रेव्हरंड शांतवन पाटोळे यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या प्रवचनांविषयी विद्वान मंडळी लिहितीलच. त्यांना गाता येत नाही, हे मात्र कोणी लिहिणार नाही, म्हणून मीच लिहितो. स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या वर्षी ते नगरकडून ठाण्याच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत पाळक म्हणून आले. पहिल्याच उपासनेत त्यांनी गीत असे बेसूर उचलले की पेटी वाजवणारा मी थांबलोच. उपासना संपल्यावर ते जवळ आले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही सूर सोडू नका. मी चुकणारच आहे." आमचा परिचय असा झाला.

मी मिशनच्या शाळेत शिक्षक. माझे घराणे बाळकुमचे, मिठागरात राबणारे. तरुणपणी मी बाप्तिस्मा घेतला. आई आपल्या देवापाशीच राहिली. पाळकसाहेब सायकल मारत तिच्याकडे जात, ओट्यावर बसून तांदळाची भाकरी खात आणि धर्माविषयी अवाक्षर काढत नसत. आई त्यांच्यावर खूश होती.

पुढे माझी धाकटी मुलगी मार्था विषमज्वराने अंथरुणाला खिळली. एके सकाळी डॉक्टरांनी नुसती मान हलवली. त्याच दुपारी आई नारळ घेऊन दारात उभी राहिली. "देवलान चल. बापाचे हातानंच द्यावा लागतो." मी गेलो. दर रविवारी मुलांना विश्वास शिकवणारा मी, ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून उभा राहिलो. आईच्या श्रद्धेत खोट नव्हती. माझ्यात होती, माझा प्रभू मला पुरेसा वाटला नव्हता. मार्था वाचली, आणि गोष्ट मंडळीच्या कानावर गेली.

पंचांची सभा बसली. ज्येष्ठ पंच काकडे नियमाला पक्के. त्यांनी सांगितले, मास्तरांना सहा महिने प्रभुभोजन बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी सारे भाकर आणि द्राक्षारस घेतील, मास्तर मागच्या बाकावर बसतील. पाळकसाहेब सांभाळून घेतील, अशी मला आशा होती. ते म्हणाले, "मास्तर चुकले आहेत. निर्णय मला मान्य आहे." खोटे कशाला बोलू, त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला.

पहिला रविवार उजाडला. मी मान खाली घालून मागे बसलो. सर्वांना वाटून झाले. शेवटी पाळकाने स्वतः घ्यायचे असते. त्यांनी ताटावर पांढरा रुमाल झाकला, पायरी उतरून ते बाकांमधून चालत आले आणि माझ्या शेजारी बसले.

मी कुजबुजलो, "साहेब, हे काय? तुम्ही घ्या ना."

"शिक्षा मंडळीने दिली आहे, ती तुम्ही भोगा. सोबत करायची नाही, असं काही ठरलेलं नाही."

दुसऱ्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यात काकड्यांना राहवेना. सर्वांसमोर त्यांनी विचारले, "पाळकसाहेब, तुम्ही काय पाप केलंत?"

"ते सभेपुढे कधी आलंच नाही, काकडे."

कृपा म्हणजे लायकी नसताना मिळालेले दान, हे मी शाळेत फळ्यावर कितीदा लिहिले असेल! आता ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती. त्यांनी माझ्या चुकीला बरोबर म्हटले नाही, नियमही वाकवला नाही. नुसते उपाशी बसले, सहाही महिने.

सातव्या महिन्यात मी पुढे जायला उठलो, तोच काकडे स्वतः ताट घेऊन मागच्या बाकाकडे आले. पाळकसाहेबांनी आधी मला घेऊ दिले, मग स्वतः घेतले. मी लहान मुलासारखा रडलो. त्यानंतरचे गीत पाळकसाहेबांनी उचलले, नेहमीसारखेच बेसूर. मी सूर सोडला नाही.

आई आता थकली आहे. या ग्रंथाविषयी सांगितले तेव्हा ती म्हणाली, "त्याला शंभर वरसा निरोगी ठेव, असा मी माझे देवाला रोज सांगतंय. पन तुझे हातानं नारल नाय देत. नाय तर तो परत तुझे बाजूला उपाशी बसंल."

तिच्या या मागण्याला मी मनापासून आमेन म्हणतो. पंचांनी हवे तर पुन्हा सभा बोलवावी.