झेंडा नसलेलं जहाज

माझा धाकटा भाऊ तेलवाहू जहाजावर नोकरीला लागला, तेव्हा आमच्या घरात कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. वडील नांदेडला रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन होते, तिथूनच निवृत्त झाले. मी लातूरला एका खासगी दवाखान्यात रक्ततपासणीचं काम करते आणि सुट्टीला नांदेडला येते. आईला भावाचं काम समजावून सांगताना मी म्हणायचे, "टँकर असतो ना पेट्रोलचा, तसा टँकर. फक्त पाण्यावरचा."

सुरुवातीचे त्याचे फोन मजेचे असत. डेकवर गंज खरवडायचा, दोरखंड ओढायचे, रंग मारायचा. एका रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो आणि त्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते.

"काय करून राहिला रे?" मी विचारलं.

"जहाजाचं नाव पुसून राहिलो, ताई."

मला वाटलं, गंमत करतोय. त्यानं फोन फिरवला. जहाजाच्या मागच्या बाजूला फळी टांगलेली, रंगाचे डबे उघडे. "उद्या नवं नाव लिहायचंय. झेंडाबी दुसराच लावला. म्या कप्तानाला इचारलं, का म्हणून? तो म्हणला, पेंट करो, सवाल मत करो."

वडिलांनी हातातला घास तसाच ताटात ठेवला. "गाडीचा नंबर कोण बदलतं, माहीत हाय ना तुला?" एवढंच ते बोलले.

त्यानंतर मी वाचायला लागले. दवाखान्यातलं काम आटोपलं की मोबाइलवर तेलाच्या बातम्या शोधायच्या. हळूहळू चित्र जुळत गेलं. बडे देश एखाद्या देशाच्या तेलावर बंदी घालतात, पण त्यानं तेल निघायचं थांबत नाही. ते स्वस्तात विकलं जातं. न्यायला मोडकळीला आलेली जुनी जहाजं असतात. ती आपला ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद ठेवतात, भर समुद्रात दुसऱ्या जहाजात तेल ओततात, आणि कागदावर तेलाचा देश बदलून जातो. स्वस्त तेल घेणारे गप्प, विकणारे गप्प, बंदी घालणारेही सोयीप्रमाणे डोळे मिटून घेणारे. मधे माझा भाऊ, रंगाचा ब्रश घेऊन.

मामांचे दोन टेम्पो अर्धापूरहून केळी नेतात. मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पण बाई, सस्तं तेल आपल्या देशाला भेटलं तर वाईट काय? डिझेल तर मलाबी लागतंच की."

मी स्वतः स्कूटीत पेट्रोल भरूनच त्यांच्याकडे गेले होते. तरी मी म्हणाले, "तेल कुठूनबी येऊ द्या, मामा. पण आणणारं पोरगं बुडालं तर जबाबदार कोण, तेवढं कुठं तरी लिहिलेलं पाहिजे."

मामांनी चहाचा कप पुढं सरकवला.

थोड्याच दिवसांत ते जहाज बंदीच्या यादीत गेलं. कुठलंच बंदर त्याला आत घेईना. मालकानं कप्तानाचे फोन उचलणं बंद केलं. आखाती देशातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून जहाज उभं राहिलं आणि उभंच राहिलं. डाळतांदूळ मोजून शिजवायला लागले. जनरेटर जेमतेम स्वयंपाकापुरता चालायचा. लोखंड इतकं तापायचं, की पोरं डेकवर ओली चादर अंथरून पडायची.

"ताई, पायाखाली समदं तेलच तेल हाय," भाऊ म्हणाला, "आन पंखा लावायला डिझेल न्हाई."

त्या दिवशी मी ठरवलं, की ह्याला उतरवल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही.

ज्या एजंटानं त्याला नोकरी लावली, तो आधी "थोडा रुको" म्हणाला, मग त्याचा फोनच बंद झाला. पोलिसांकडे गेले तर साहेब नम्रपणे म्हणाले, "मॅडम, समुद्र आमच्या हद्दीत येत नाही." जहाजावर ज्या देशाचा झेंडा होता, त्या देशाच्या नोंदणी कार्यालयाला मी इंग्रजीत मेल केला. उत्तर आलं तेव्हा मी लॅबमध्ये होते. या नावाचं जहाज आमच्या नोंदीत नाही, असं त्यात होतं. मी ते तीनदा वाचलं. झेंडाच खोटा होता. म्हणजे ते जहाज कुठल्याच देशाचं नव्हतं, आणि तक्रार करायला देशच नव्हता. मी मोबाइल उलटा ठेवला, राहिलेले नमुने तपासले, आणि सुट्टी झाल्यावर खलाशांच्या संघटनेला फोन लावला.

तिथले गृहस्थ म्हणाले, "नाव सोडा. नंबर सांगा. प्रत्येक जहाजावर एक नंबर लोखंडात वेल्डिंग करून उठवलेला असतो. तो पुसला जात नाही, फक्त रंगाखाली जातो."

भावानं रंग खरवडला आणि फोटो पाठवला. त्या नंबरावर जहाजाचा सगळा इतिहास निघाला. आधीची नावं, आधीचे झेंडे, आधीचे मालक. तो नंबर घालून सरकारी कार्यालयांना पाठवलेल्या माझ्या मेलना आता उत्तरं यायला लागली.

तेवढ्यात मालकाचा माणूस बोटीनं जहाजावर आला. तेल विकलं जाईपर्यंत आम्ही स्वखुशीनं थांबतो, असं लिहिलेल्या कागदावर प्रत्येकानं सही करायची. नाही तर तस्करीची केस. भावाचा फोन आला. "करू का सही?"

वडिलांनी माझ्या हातातून फोन घेतला. "करू नको. रेल्वेत आम्हालाबी एकेकाला बोलावून अशाच सह्या मागायचे. एकट्यानं जाऊ नको त्याच्यापुढं. समद्यांना घेऊन जा, आन समद्यांनी मिळून न्हाई म्हणा."

पोरांनी तसंच केलं. सगळ्यांच्या आधी कप्तान "नहीं" म्हणाला. भावाला त्याचं नवल वाटलं. कप्तान केरळचा. जहाज असलं आहे, हे त्यालाही चढल्यावरच कळलं होतं.

मी कप्तानाच्या बायकोला फोन केला. तिचं हिंदी तोडकं, माझं इंग्रजी तोडकं, पण दोघींनी मिळून जहाजावरच्या सगळ्यांच्या घरी फोन केले, ग्रुप काढला, आणि एकाच दिवशी सगळ्या घरांमधून सरकारकडे तक्रारी गेल्या. नांदेडच्या एका वार्ताहरानं आईला बोलायची विनंती केली. अनोळखी माणूस आला की आई आत जायची. त्या दिवशी ती पदर नीट करून कॅमेऱ्यासमोर बसली आणि म्हणाली, "जयभीम. माझ्या लेकानं तेल चोरलं न्हाई. त्याला रंग मारायला सांगितला, त्यानं रंग मारला. ज्यानं सांगितलं त्याला धरा, माझं लेकरू घरी पाठवा."

मग सूत्रं हलली. पण बंदराचे अधिकारी म्हणाले, तेलानं भरलेलं जहाज बेवारस सोडता येणार नाही. शेवटी पहारेकरी नेमले गेले आणि खलाशी सुटले. कप्तानाला मात्र बदली माणूस येईपर्यंत थांबायचं होतं.

भाऊ नांदेड स्टेशनवर उतरला तेव्हा वडील त्याच्या शेजारून पुढं निघून गेले. इतका वाळला होता. मीच हाक मारली. घरी येऊन त्यानं आंघोळ केली, पिठलं-भाकरी खाल्ली आणि पंख्याखाली झोपला. आई बराच वेळ त्याच्या उशाशी बसून होती.

उठल्यावर पहिली गोष्ट तो बोलला ती अशी: "ताई, ग्रुप बंद नको करू. कप्तान थांबला म्हणून आम्हाला उतरता आलं."

म्हणून आम्ही थांबलो नाही. मी लातूरहून मेल पाठवायचे, भाऊ नांदेडहून फोन करायचा, कप्तानाची बायको तिकडं कार्यालयांच्या पायऱ्या झिजवायची. उत्तर नाही आलं की पुन्हा पाठवायचं. पावसाळा सरत आला तेव्हा तिचा फोन आला. ती नुसती रडत होती. मग मागून एका पुरुषाचा थकलेला आवाज आला, "सिस्टर, मैं घर पहुँच गया."

भाऊ आता पुढच्या परीक्षेचा अभ्यास करतोय. त्याला पुन्हा जहाजावरच जायचंय. आई पहिल्यांदा चिडली, दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. परवा तिनं त्याच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली आणि विचारलं, "ह्या टायमाला कोणत्या देशाचं जहाज हाय?"

"अजून ठरलं न्हाई, माय."

"ठरलं की आधी ताईला सांग," आई म्हणाली. "तिनं हाव म्हणल्याबिगर मी बॅग भरू देणार न्हाई."