देताना बघणारा दादा

फेब्रुवारीचा दुसरा रविवार, नांदेडजवळचं लोहा. दादा जाऊन वर्ष झालं, त्याचं पहिलं पुण्यानुमोदन. हजर: वहिनी, धाकटा भाऊ मिलिंद, मी, भावकी आणि नांदेडच्या रक्तपेढीची माणसं.

रक्तपेढीच्या माणसांनी आवर्जून यावं असाच आमचा दादा होता. चौदा एप्रिलच्या शिबिरात पहिली खाट त्याची. सुई टोचताना लोक तोंड फिरवतात. हा पिशवी भरेपर्यंत तिच्याकडे टक लावून बघायचा. "देताना बघावं माणसानं," म्हणायचा. "न बघता दिलं तर ते दान न्हाई, चोरीला गेलं समजावं."

या एका वाक्याने पुढे माझा जीव खाल्ला.

मिलिंदच्या हाडांतली मज्जा सुकली. अंगात रक्तच तयार होईना. हैदराबादच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा भावंडांची तपासणी केली. दादा तेवढा जुळला. बाईंनी नीट समजावलं. मज्जा कमरेच्या हाडातून काढू, भूल देऊन. इंजेक्शनं देऊन हातातून, रक्तातूनही मूळपेशी मिळतात, पण त्यांच्यासोबत लढणाऱ्या पेशी मज्जेपेक्षा कितीतरी जास्त येतात. कॅन्सर असता तर त्या कामी आल्या असत्या. इथे मारायला शत्रूच नाही. त्या मिलिंदच्याच डोळ्यांवर, कातडीवर उठू शकतात.

दादाला भूल नको होती. पालथं झोपवून, बेशुद्ध करून काढणार म्हणजे बघायचं कसं? आणि लढणाऱ्या पेशींचं ऐकून तर तो चिडलाच. "सख्खा भाऊ हाय मी त्याचा, मॅडम. माझं रक्त त्याला कशाला चावंल?"

मी समजावलं, वहिनी रडली. मिलिंद मात्र दादाच्याच बाजूने. दुसरा दाता नव्हता आणि थांबायला वेळ नव्हता. शेवटी हातातूनच काढलं. दादा यंत्राशेजारी पडून पिशवीकडे बघत होता, घरच्या लग्नात पंगतीवर नजर ठेवावी तसा.

दिलेलं लवकर रुजलं. दादाने गल्लीभर पेढे वाटले. मला म्हणाला, "सुमे, तुझ्या डॉक्टरीणबाईला पण एक पाठव."

पुढच्या वर्षी मिलिंदचे डोळे कोरडे पडले. तोंडात फोड, कातडी ताठ. दादा दर रविवारी मटण आणायचा आणि मिलिंद साधा वरणभात पाणी घालून गिळायचा. औषधांची गरमी असंल, असं दादा सगळ्यांना सांगत फिरला. एकदा मात्र त्याने मला अंगणात गाठलं.

"हे माझंच हाय का गं?"

मी हो म्हटलं.

पुढच्या तपासणीला तो न विचारता आमच्या गाडीत येऊन बसला. डॉक्टरीणबाईंपुढे त्याने मिलिंदची बाही स्वतः वर सारली. "त्यातले भांडखोर तेवढे माझे मला परत काढून द्या." बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ते आता वेगळे काढता येत नाहीत. मिलिंदच्या अंगात जे रक्त बनतंय ते सगळं तुमच्याच पेशींचं. गोळ्या चालू ठेवू. दादाने बाही खाली केली आणि तिचं बटण लावलं.

त्याच हिवाळ्यात तो हृदयाच्या झटक्याने गेला. मला त्याच्याशी भांडायचं होतं, ते तसंच राहिलं.

आज भाषणांत सगळे त्याला महादाता म्हणाले. मिलिंद काळा चष्मा लावून मागच्या खुर्चीत, मध्येच डोळ्यांत थेंब टाकत बसला होता. माझं डोकं उठलं होतं. पण चिडायचं कुणावर? दादाने दिलं नसतं तर ती खुर्चीही रिकामीच असती.

मिलिंदचा रक्तगट बी होता. आता दादाचा ओ झालाय. लायसन्सवर अजून बीच आहे. उद्या रस्त्यात काही झालं तर घोळ होईल, बदलून घे, असं किती वेळा सांगितलं. "जातो की, ताई," म्हणतो. अजून गेलेला नाही.